मिळाला की सापडला?

मुलांनो, मी तुमच्यासारखीच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकले आणि आता छत्रपती संभाजीनगरातल्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. गेली अकरा वर्षे आठवीच्या वर्गात मी फळ्यावर तीन शब्द लिहीत आले आहे : मिळणे, भेटणे आणि सापडणे. उर्दूत या तिन्ही कामांना एकटा 'मिलना' पुरतो. पगारही मिलता है, दोस्तही मिलता है आणि रस्त्यात पडलेला रुपयाही मिलता है. मराठीत तसे चालत नाही. पगार मिळतो, मित्र भेटतो आणि पडलेला रुपया सापडतो. मुले हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत एका गुणासाठी लिहितात आणि विसरून जातात. खरे सांगायचे तर मीही या फरकाला एका गुणापेक्षा जास्त किंमत देत नव्हते.

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट आहे. गुरुवार होता. तिसरा तास संपत आला होता. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "टीचर, एक पालक आल्या आहेत. रडताहेत." मी बाहेर गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी व्हरांड्यात उभी होती. शेजारी तो मुलगा मान खाली घालून उभा. त्या दिवशी तो वर्गात आला नव्हता. त्याचे नाव मी तुम्हांला सांगणार नाही. तो आता मोठा झाला आहे आणि त्याला ते आवडणार नाही.

त्या बाईंनी कापडी पिशवीतून ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक मोबाईल काढला. आमचे बोलणे अर्थातच उर्दूत झाले. इथे ते मराठीत लिहिते.

"टीचर, सकाळी पोलिसांचा फोन आला. म्हणाले, तुमच्या नंबरचे सिम एका हरवलेल्या मोबाईलमध्ये घातले गेले आहे, तो मोबाईल घेऊन ठाण्यावर या. मी शिलाईकाम करणारी बाई. माझ्याकडे साधा बटणांचा फोन. मी घाबरले. याला विचारले, तर याने तांदळाच्या डब्यातून हा काढून दिला."

मी मुलाला पाणी दिले आणि रिकाम्या वर्गात बसवले. हळूहळू त्याने सगळे सांगितले.

मागच्या शुक्रवारी तो मध्यवर्ती बसस्थानकावरून शेअर रिक्षाने बेगमपुऱ्याला घरी येत होता. रिक्षात एक खेड्यातली बाई आणि तिचा आजारी नवरा होता. घाटीच्या सरकारी दवाखान्यापाशी ती दोघे घाईघाईने उतरली. नवऱ्याला सावरताना बाईच्या हातात पिशव्या होत्या, औषधांचे कागद होते. पुढे बेगमपुऱ्यात उतरताना मुलाला सीटच्या फटीत काहीतरी चमकताना दिसले. त्याने हात घातला. मोबाईल होता. तो विचार करीपर्यंत रिक्षा निघून गेली.

इथपर्यंत त्याचे काय चुकले? काहीच नाही. वस्तू उचलून नीट ठेवणे हा गुन्हा नाही. पण पुढे ऐका.

संध्याकाळी मोबाईल वाजू लागला. मुलगा गच्चीवर होता. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. "किती वेळा?" मी विचारले. "खूप वेळा, टीचर. मी मोजले नाही." मग त्याने तो बंद करून टाकला. का उचलला नाहीस, असे मी विचारले तेव्हा तो गप्प बसला. मला वाटते, त्याला स्वतःलाही नीट माहीत नव्हते. सगळ्या वर्गात मोबाईल नसलेली चार-पाचच मुले होती, त्यांतला तो एक. हातात आलेला फोन एक रात्र तरी आपला असावा, असे त्याला वाटले असेल. शिवाय भीतीही होती. तू कुठून आणलास, असे कोणी विचारले तर?

पडद्याला कुलूप असले तरी आलेला फोन उचलता येतो. तुम्हांला कधी मोबाईल सापडला, तर ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पहिल्या काही तासांत मालक स्वतःच आपल्या नंबरवर फोन लावत असतो. तो उचलून "मी अमुक ठिकाणी आहे, येऊन घेऊन जा," एवढे सांगितले की पुढचे काहीच करावे लागत नाही. जागा मात्र गर्दीची सांगावी आणि सोबत मोठे माणूस असावे.

मंगळवारी त्याने अम्मीच्या फोनमधले सिम काढून या मोबाईलमध्ये घातले. गल्लीतल्या एका मोठ्या मुलाने सांगितले होते की, सिम चालले तर तीनशे रुपयांत कुलूपही उघडून मिळते. सिम चालले नाही. पट्टीवर नेटवर्कची एक रेघही उमटेना. त्याने सिम काढून परत जागेवर ठेवले आणि मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरला. त्याला वाटले, विषय संपला.

तो संपला नव्हता. का, ते समजण्यासाठी तुम्हांला मोबाईलच्या आतली एक गोष्ट माहीत असायला हवी. शाळेत तुमचा जसा जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो, तसा प्रत्येक मोबाईललाही एक क्रमांक असतो. त्याला आयएमईआय म्हणतात. तो १५ अंकी असतो. पहिले आठ अंक मोबाईलचा नमुना सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचे असतात आणि शेवटचा अंक आधीचे चौदा बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असतो. सिम बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. दोन सिमच्या मोबाईलला असे दोन क्रमांक असतात. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो पडद्यावर दिसतो. खोक्यावर आणि बहुतेक वेळा बिलावरही छापलेला असतो. आज घरी गेल्यावर आपल्या घरातल्या मोबाईलचा क्रमांक पाहा आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मोबाईल हरवल्यावर तो मोबाईलमध्ये पाहता येत नाही!

हरवलेल्या मोबाईलचा हा क्रमांक देशभरातल्या सगळ्या कंपन्यांना कळवून तो बंद पाडण्याची सोय सरकारच्या दूरसंचार विभागाने केली आहे. तिचे नाव सेंट्रल इक्विपमेंट आयडेंटिटी रजिस्टर, थोडक्यात सीईआयआर. आपल्या महाराष्ट्रात ती प्रयोग म्हणून सप्टेंबर २०१९ मध्येच सुरू झाली. मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळाबरोबर ती सगळ्या देशासाठी खुली झाली. मालकाने पोलिसांत तक्रार द्यायची, त्याच नंबरचे नवे सिम घ्यायचे आणि तक्रारीची प्रत, मोबाईलचे बिल व ओळखपत्र जोडून अर्ज करायचा. त्याला एक अर्ज क्रमांक मिळतो आणि साधारण चोवीस तासांत मोबाईल बंद पडतो. बंद पडतो म्हणजे काय? कॅमेरा चालतो, घड्याळ चालते, घरातले वायफायही चालते. पण देशातल्या कोणत्याही कंपनीचे सिम त्यात लागत नाही. आणि कोणी सिम घालून पाहिलेच, तर कोणत्या नंबरचे सिम कधी घातले, याची नोंद होऊन ती पोलिसांकडे जाते.

माझा स्वतःचा मोबाईल २०१६ मध्ये बसच्या गर्दीत गेला होता. तेव्हा ही सोय नव्हती. मी दोन दिवस हळहळले आणि तिसऱ्या दिवशी नवा घेतला. त्या मोबाईलमध्ये माझ्या बी.एड.च्या निरोपसमारंभाचे फोटो होते. असो.

तर त्या मंगळवारी मुलाच्या अम्मीचा नंबर त्या नोंदीत गेला होता.

शेजाऱ्यांनी सकाळपासून त्या बाईंना तीन सल्ले दिले होते. एक म्हणाले, मोबाईल खाम नदीत टाकून द्या, म्हणजे पुरावाच राहणार नाही. दुसरे म्हणाले, एक ओळखीचा कारागीर आहे, तो आयएमईआय बदलून देतो. तिसरे म्हणाले, असले फोन खोटे असतात, लक्ष देऊ नका.

तिसरा सल्ला अगदीच वेडा नव्हता. पोलीस आहोत असे सांगून फोनवर पैसे किंवा ओटीपी मागणारे ठग आज पुष्कळ आहेत. पण या फोनवर कोणी पैसे मागितले नव्हते. ठाण्यावर या, एवढेच म्हटले होते. खरे-खोटे पाहायचे तर स्वतः ठाण्यावर जाण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. दुसऱ्या सल्ल्याबद्दल बोलायलाच नको. आयएमईआय बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने मोठा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पहिल्या सल्ल्यावर मात्र बाईंचे मन बसले होते. नदी घराच्या मागेच होती, पावसाळ्याचे पाणी होते.

"मोबाईल नदीत जाईल," मी म्हणाले, "पण तुमचा नंबर नोंदीतून कुठे जाईल? पोलीस पुन्हा विचारतील, तेव्हा तुम्ही काय दाखवाल? आज हातात मोबाईल आहे म्हणून तुमच्या बोलण्याला आधार आहे."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे खरे आहे, टीचर. पण माझ्या मुलाला ते चोर म्हणतील. आमच्यासारख्यांना लवकर म्हणतात."

मुलांनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. "असे काही होणार नाही" असे मी म्हणू शकले असते, पण मला तरी काय ठाऊक? वयाची छत्तीस वर्षे झाली होती, मी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढले नव्हते. त्या मुलाचे अब्बा पुण्याला बांधकामावर होते. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि म्हणाले, "चला, मी येते."

ठाण्यात बाकावर बरीच माणसे बसली होती. आमची पाळी आली तेव्हा ठाणे अंमलदारांनी आमचे म्हणणे ऐकून आम्हांला एका वयस्क हवालदारांकडे पाठवले. त्यांनी मोबाईल उलटासुलटा करून पाहिला, सिमचा खण टाचणीने उघडला, त्यावरचे बारीक अंक चष्मा वर करून वाचले आणि आपल्या कागदाशी ताडून पाहिले. "हाच आहे," ते म्हणाले. "आता याचा जबाब घ्यावा लागेल."

मुलगा माझ्याकडे बघू लागला. उर्दूत जवाब म्हणजे उत्तर. त्याला वाटले, आता प्रश्न विचारणार. मी त्याला सांगितले, जबाब म्हणजे बयान. ठाण्यातली मराठी मोठी गमतीची असते. फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, सुपूर्दनामा, हवालदार, अंमलदार! यांतले कितीतरी शब्द आपल्याच घरातून गेलेले. पण तिथे जाऊन त्यांनी वेगळे कपडे घातलेले. उर्दूत फिर्याद म्हणजे देवापुढे किंवा हाकिमापुढे केलेला आक्रोश. इथे फिर्याद म्हणजे नोंदवलेली तक्रार. तुम्ही ठाण्यात गेलात तर शब्द ऐकून परके वाटणार नाही, पण अर्थ मात्र विचारून घ्या.

हवालदार म्हणाले, "आठवीत आहेस ना? मग आधी तूच लिहून दे, काय झाले ते. मराठी येते ना?"

मुलाने कागद घेतला. मी शेजारी बसले होते, पण बोलायचे नाही असे मी ठरवले होते. त्याने लिहिले : "मला शुक्रवारी रिक्षामध्ये एक मोबाईल मिळाला."

हवालदारांनी वाचले आणि भुवया उंचावल्या. "मिळाला? कोणाकडून मिळाला? कोणी दिला?"

मुलगा गोंधळला. "कोणी नाही दिला, साहेब."

"मग मिळाला कसा? विकत घेतलास?"

मुलाने ते वाक्य घाईघाईने खोडले आणि खाली लिहिले : "मी रिक्षातून मोबाईल उचलला."

आता माझ्याच अंगावर काटा आला. उर्दूत उठाना आणि मराठीत उचलणे. शब्दकोशात दोन्ही एकच. पण बाजारात, रस्त्यावर, ठाण्यात कोणी "मोबाईल उचलला" म्हटले की त्याचा अर्थ लंपास केला, असाच घेतात. उचलेगिरी हा शब्द त्यातूनच आला. अकरा वर्षे मी हे शिकवत होते. बी.एड.ला असताना अर्जलेखनावर मी सराव पाठ घेतला होता आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. आणि माझाच विद्यार्थी ठाण्यात बसून, एकही खोटी गोष्ट न सांगता, स्वतःला चोर लिहून देत होता.

मी हवालदारांची परवानगी घेऊन मुलाला एवढेच विचारले, "पडलेला रुपया काय होतो?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग तिसरे वाक्य लिहिले : "मला रिक्षाच्या सीटच्या फटीत एक मोबाईल सापडला."

"हां!" हवालदार म्हणाले. "असे लिही. आता पुढचे."

पुढचे लिहिणे जास्त अवघड होते, कारण तिथे शब्द चुकण्याचा प्रश्न नव्हता. फोन वाजला आणि मी उचलला नाही, हे लिहायचे होते. मी तो बंद केला, हे लिहायचे होते. अम्मीला न सांगता तिचे सिम घातले, हेही. मुलगा पेन धरून बसून राहिला. अम्मी माझ्या कानात म्हणाल्या, "ते नाही लिहिले तर चालणार नाही का?" मी मान हलवली. सिमची नोंद तर हवालदारांच्या समोरच होती. मुलाने सगळे लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या मी तशाच राहू दिल्या.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, ते मी नंतर वाचले. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या ३१४ व्या कलमात हा विषय आहे. जुन्या १८६० च्या दंडसंहितेत तो ४०३ व्या कलमात होता. सापडलेली वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी जो घेतो, तो गुन्हेगार नाही. पण मालक माहीत असताना, किंवा थोडा प्रयत्न केला तर सापडेल असे असताना, जो ती स्वतःच्या उपयोगात आणतो, तो गुन्हेगार ठरतो. तो वाजणारा फोन मला राहून राहून आठवतो.

हवालदारांनी कागद वाचून ठेवला. मालकाची तक्रार चोरीची नव्हती, हरवल्याची होती. ते बरे झाले. चोरीचा गुन्हा नोंदला असता तर मोबाईल मुद्देमाल झाला असता आणि मालकाला तो न्यायालयाच्या आदेशाने, सुपूर्दनामा लिहून देऊन घ्यावा लागला असता. हवालदारांनी तिथूनच फोन लावला. "घाटीतच आहेत ते लोक," ते म्हणाले. "थांबा जरा."

तासाभराने ती बाई आणि तिचा भाचा आले. कन्नड तालुक्यातले लोक. बाई बोलायला लागली तेव्हा आम्हांला कळले की, शुक्रवारी रात्री नवऱ्याला तिने एकटीनेच दाखल केले. घरच्या कोणाचाही नंबर तिला पाठ नव्हता. सगळे नंबर मोबाईलमध्ये होते. कोणाकडून तरी फोन मागून ती आपल्याच नंबरवर लावत राहिली. तो तेवढा तिला पाठ होता. घरच्यांना ती कोणत्या वॉर्डात आहे हे शनिवारी दुपारपर्यंत समजले नाही. भाचा वॉर्डावॉर्डांत विचारत फिरला तेव्हा भेट झाली. मग त्यानेच सिम घेतले, तक्रार दिली आणि रविवारी अर्ज केला.

मुलगा हे सगळे ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

बाईने मोबाईल हातात घेतला, पदराने पुसला आणि भाच्याला म्हणाली, "लाव बरं घरी." भाच्याने सिम घालून पाहिले. नेटवर्क नाही. बाईचा चेहरा बदलला. "मोडला का रे पोराने?"

मोडला नव्हता. पण ही गोष्ट पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. बंद केलेला मोबाईल नुसता सापडल्याने चालू होत नाही. यंत्राला काय कळणार तो मालकाच्या हातात आहे की चोराच्या? मोबाईल परत आल्याची नोंद आधी पोलिसांनी करायची असते. मग मालकाने त्याच संकेतस्थळावर बंदी उठवण्याचा अर्ज करायचा. त्यासाठी पहिला अर्ज क्रमांक, कारण आणि नंबरवर येणारा ओटीपी लागतो. भाच्याने क्रमांकाचा संदेश जपून ठेवला होता. तो सापडेपर्यंत सगळे श्वास रोखून उभे होते. मोबाईल हाती येण्यापूर्वी मात्र कोणी कितीही गोड बोलून सांगितले, तरी बंदी उठवू नये. आणि असा बंद मोबाईल अजाणतेपणी विकत घेणारेही असतात. जुना मोबाईल घ्यायचा असेल, तर के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून त्याचा आयएमईआय, असा संदेश १४४२२ वर पाठवून आधी विचारून पाहावे. तो काळ्या यादीत असेल तर उत्तर येते. पैसे देण्यापूर्वी पाठवायचा, नंतर नाही!

बंदी त्या दिवशी उठली नाही. थोडा वेळ लागतो. बाई निघताना मुलापाशी थांबली. रागावेल असे मला वाटले. तिने विचारले, "तुला ऐकू येत होता का रे फोन?" मुलगा म्हणाला, "हो, मावशी." त्याने तिला मावशी म्हणायला कोणी सांगितले नव्हते. बाई "बरं" म्हणाली आणि गेली. माफ केले की नाही, ते मला सांगता येणार नाही.

हवालदारांनी आम्हांला जायला सांगितले. पण अम्मी जागच्या हलेनात. त्यांना कागद हवा होता. माझ्यामार्फत त्यांनी विचारले, उद्या कोणी म्हणाले तर आम्ही काय दाखवायचे? हवालदार थोडे हसले, पण मुलाच्या अर्जाची झेरॉक्स आणायला लावली आणि तिच्यावर शिक्का मारून, तारीख घालून, सही करून दिली. याला मराठीत पोच म्हणतात.

चार महिन्यांनी मी कामानिमित्त त्यांच्या घरी गेले होते. शिवणयंत्राच्या वर भिंतीत एक फळी होती. तिच्यावर रेशनकार्ड, आधारकार्ड आणि वीजबिलांच्या शेजारी तो कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवला होता. त्या बाईंना मराठी वाचता येत नाही. तरी त्यांनी फळीवरून कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हाच ना, टीचर?"

"हाच," मी म्हणाले.